उन्हाळ्यातील स्लॅब आणि काँक्रीटमधील केमिकल: पाणी, स्लंप आणि ताकद यांचा हिशेब

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात स्लॅब ओतला जात असताना सकाळी सातला सुरू झालेले काम अकराच्या सुमारास कुठे येऊन अडते, हे बांधकामाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ऊन चढते, खडी तापते, मिक्सरमधून निघालेला माल पाटीतून वर जाईपर्यंत घट्ट होऊ लागतो आणि वरून गवंड्याची हाक येते, "माल कोरडा येतोय, पाणी सोडा." घरमालकाने आदल्या दिवशी दुकानातून केमिकलचा कॅन आणलेला असतो आणि तो मालात पडतही असतो, पण त्याच्या जोडीला पाण्याची बादलीही रिकामी होत असते. अठ्ठावीस दिवसांनी क्यूबचा, म्हणजे ताकद तपासण्यासाठी त्याच मालाच्या भरलेल्या ठोकळ्याचा, निकाल कमी आला, की दोष सिमेंटला दिला जातो आणि "केमिकल टाकूनही ताकद आली नाही" अशी तक्रार होते.

ही तक्रार मुळातच चुकीच्या समजुतीवर उभी आहे. प्लास्टिसायझर, म्हणजे माल सैल करणाऱ्या, वर्गातील ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचे केमिकल) काँक्रीटला स्वतःहून ताकद देत नाही. त्याच्यामुळे जे पाणी घालावे लागत नाही, त्या न घातलेल्या पाण्यामुळे ताकद वाढते. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून आधी पाण्याचा हिशेब पाहू.

पाणी नेमके कुठे जाते

सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक क्रियेत बांधले जाते आणि आणखी सुमारे १५ टक्के पाणी तयार होणाऱ्या जेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहते. म्हणजे ०.३८ च्या आसपास पाणी-सिमेंट गुणोत्तर असले, तरी क्रियेला पाणी पुरते. त्याहून जास्त घातलेले पाणी केवळ माल हलता, पसरता आणि ठासता यावा म्हणून असते. ते पुढे उडून जाते आणि आपल्या जागी केसासारख्या बारीक पोकळ्या ठेवून जाते. ताकद कमी होते ती या पोकळ्यांमुळे. डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडलेला पाणी-सिमेंट गुणोत्तराचा नियम आजही प्रत्येक मिक्स डिझाइनच्या पायाशी आहे.

एका गोणीवर हे मोजून पाहावे. ५० किलोच्या गोणीला ०.४५ गुणोत्तराने २२.५ लिटर पाणी लागते. गवंड्याच्या हाकेवर त्यात फक्त पाच लिटरची भर पडली, तर पाणी २७.५ लिटर होते आणि गुणोत्तर ०.५५ वर जाते. एवढ्या फरकाने अठ्ठावीस दिवसांची ताकद साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने घटू शकते. एम २५ चे, म्हणजे अठ्ठावीस दिवसांना चौरस मिलिमीटरमागे २५ न्यूटन ताकदीचे, काँक्रीट एम २० च्या रांगेत जाऊन बसायला अर्धी छोटी बादली पुरते, हे साइटवर कोणालाच खरे वाटत नाही.

मग जास्तीचे पाणी लागतेच कशासाठी? सिमेंटचे कण पाण्यात पडताच एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पाण्याचा मोठा भाग या पुंजक्यांच्या पोटात अडकतो. पाणी मालात असते, पण वंगणाच्या कामी येत नाही. ॲडमिक्श्चरचे रेणू सिमेंटच्या कणांवर चिकटून त्यांना एकाच प्रकारचा विद्युतभार देतात, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात. नव्या पिढीच्या पीसीई (पॉलिकार्बोक्झिलेट ईथर) प्रकारात रेणूला कंगव्याच्या दातांसारख्या लांब बाजूशाखा असतात आणि त्या कणांना जवळ येण्यापासून प्रत्यक्ष अडवतात. पुंजके फुटतात, अडकलेले पाणी मोकळे होते आणि तेवढ्याच पाण्यात माल सैल होतो.

मोकळ्या झालेल्या पाण्याचे तीन उपयोग

या मोकळ्या पाण्याचे काय करायचे, हा निर्णय काम सुरू होण्यापूर्वी घ्यावा लागतो. पहिला मार्ग म्हणजे पाणी आणि सिमेंट तेवढेच ठेवून केवळ स्लंप, म्हणजे साचा उचलल्यावर ओला माल जितका खाली बसतो ते सैलपणाचे माप, वाढवणे. पंपाने चढवायच्या मालाला किंवा सळईच्या दाट जाळ्यातल्या कॉलम-बीमच्या जोडाला हे उपयोगी आहे, पण यात ताकद वाढत नाही. वाढलीच तर माल नीट ठासला गेल्यामुळे हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ जागा) टळतात एवढीच. दुसरा मार्ग म्हणजे स्लंप तोच ठेवून पाणी कमी करणे, ज्याने ताकद आणि टिकाऊपणा दोन्ही वाढतात. तिसरा मार्ग म्हणजे पाणी आणि सिमेंट दोन्ही एकाच प्रमाणात कमी करून तीच ताकद कमी खर्चात मिळवणे.

तिसऱ्या मार्गाचे गणित आयएस १०२६२ या मिक्स डिझाइनच्या भारतीय मानकाच्या (आयएस म्हणजे भारतीय मानक) पद्धतीने पाहू. एम २५ साठी गृहीत प्रमाणित विचलन (निकालांतील चढ-उताराचे माप) ४ धरले, तर लक्ष्य ताकद २५ + १.६५ × ४ म्हणजे ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते. २० मिलिमीटर खडीच्या मालाला ५० मिलिमीटर स्लंपसाठी घनमीटरमागे १८६ लिटर पाणी धरतात आणि स्लंपच्या प्रत्येक वाढीव २५ मिलिमीटरला ३ टक्के वाढवतात. १०० मिलिमीटर स्लंपला ते सुमारे १९७ लिटर होते. गुणोत्तर ०.४५ ठेवायचे, तर केमिकलविना ४३८ किलो सिमेंट लागते, म्हणजे पावणेनऊ गोण्या. सुपरप्लास्टिसायझरने २० टक्के पाणी कमी केले, तर पाणी १५८ लिटरवर आणि सिमेंट सुमारे ३५० किलोवर येते, म्हणजे सात गोण्या. घनमीटरमागे पावणेदोन गोण्या वाचतात आणि सिमेंटच्या ०.८ टक्के प्रमाणात २.८ किलो केमिकल खर्ची पडते. कमी सिमेंटमुळे उष्णता आणि आकुंचनही कमी होते, आणि उन्हाळ्यात मला हा लाभ पैशाच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो. सिमेंट कितीही वाचले, तरी आयएस ४५६ ने सळईच्या काँक्रीटसाठी ठरवलेली किमान मर्यादा ओलांडून खाली जाता येत नाही. मध्यम परिस्थितीसाठी ती ३०० किलो आणि कमाल गुणोत्तर ०.५० आहे.

पहिली पायरी: वाळू, माती आणि पाणी तपासणे

केमिकल कोणते घ्यावे हा प्रश्न बहुतेकांना पहिला वाटतो. सोलापूर परिसरात मात्र वाळू हा पहिला प्रश्न आहे. भीमा आणि सीनेची वाळू मिळणे अवघड झाल्यापासून बहुतेक कामे काळ्या पाषाणाच्या क्रश सँडवर चालतात. कातळ स्वच्छ असला तर ही वाळू उत्तम असते. पण खाणीच्या वरच्या थरातील कुजलेला मुरूम आणि काळी माती त्यात आली, की पीसीई प्रकारचे केमिकल बघता बघता निकामी होते. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज भरपूर आहे. पावसात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते याच खनिजामुळे. त्याची रचना पानांच्या चळतीसारखी असते आणि पीसीईच्या बाजूशाखा या पानांमध्ये ओढल्या जातात. सिमेंटवर चिकटायचे ते केमिकल मातीच्या पोटात जाते, स्लंप मिळत नाही, पुरवठादार डोस वाढवायला सांगतो आणि खरा दोषी वाळूच्या ढिगात सुरक्षित राहतो. नॅफ्थॅलिनवर आधारलेल्या जुन्या प्रकाराला या मातीचा त्रास त्या मानाने कमी होतो.

आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनहून बारीक भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो, पण ही सवलत दगडाच्या भुकटीसाठी आहे, मातीसाठी नाही, आणि चाळणी या दोन्हींत फरक करत नाही. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू चाचणीने तो कळतो. साइटवर त्याहून साधा उपाय आहे: त्याच सिमेंट, पाणी आणि केमिकलमध्ये एकदा ढिगातली वाळू वापरून आणि एकदा तीच वाळू दोन-तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून वापरून छोटे घाणे काढावेत. धुतलेल्या वाळूच्या मालाचा स्लंप खूपच जास्त आला, तर केमिकल बदलण्याआधी वाळू बदलावी. होटगी रस्त्याकडच्या एका कामावर दोन कंपन्यांची केमिकले बदलून पाहिल्यानंतर आम्हाला ही गोष्ट सुचली. खरे तर ती पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती.

पाण्याचेही तसेच आहे. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे बांधकामे बहुधा बोअर किंवा टँकरवर चालतात आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, तसेच पीएच ६ पेक्षा कमी नसावा. सल्फेट वाढले तर केमिकल आणि सिमेंट यांचे जमणेही बिघडते. एका तपासणीचा खर्च एखाद्या गोणीहून फारसा जास्त नसतो.

दुसरी पायरी: केमिकलचा प्रकार निवडणे

दुकानात सगळ्यालाच "केमिकल" म्हणतात, त्यामुळे वॉटरप्रूफिंगचे द्रावण आणि सुपरप्लास्टिसायझर यांची सर्रास गल्लत होते. वॉटरप्रूफिंगची मानके आयएस २६४५ मध्ये आहेत, तर पाणी कमी करणारी, सेटिंग लांबवणारी किंवा लवकर आणणारी आणि हवा धरणारी ॲडमिक्श्चरे आयएस ९१०३ मध्ये येतात. कॅनवर हा दुसरा क्रमांक आणि प्रकार लिहिलेला नसेल, तर तो कॅन परत करावा.

लिग्नोसल्फोनेटवरचा साधा प्लास्टिसायझर ५ ते १० टक्क्यांच्या आसपास पाणी कमी करतो. कागदाच्या लगद्यापासून निघणारा हा पदार्थ काहीसा साखरयुक्त असल्याने तो सेटिंगही थोडे लांबवतो. घरगुती मिक्सरवरच्या एम २० च्या कामाला तो पुरतो. एसएनएफ, म्हणजे सल्फोनेटेड नॅफ्थॅलिन फॉर्माल्डिहाइड, जपानमध्ये १९६० च्या दशकात पुढे आला. तो १५ ते २५ टक्के पाणी कमी करतो, वाळूतील मातीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्याने मिळालेला स्लंप अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागतो. पीसीई ३० टक्के आणि त्याहूनही जास्त पाणी कमी करू शकतो आणि योग्य रचनेचा असेल तर स्लंप दीड-दोन तास टिकवतो. मात्र डोसमधील लहानशी चूकही तो माफ करत नाही. आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटवर वजनकाट्याने मोजून घालण्याची सोय असते, म्हणून तेथे पीसीई शोभतो. लिफ्टच्या मिक्सरवर, जिथे केमिकल पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने मोजले जाते, तिथे मी तो सुचवत नाही.

रिटार्डर सेटिंग लांबवतो आणि उन्हाळ्यात त्याची गरज पडते, पण या जिल्ह्यात त्याच्याविषयी एक वेगळी सूचना द्यावी लागते. साखर हा स्वतःच तीव्र रिटार्डर आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे एका गोणीला अवघे २५ ग्रॅम, सेटिंग सुमारे चार तास पुढे ढकलते; ०.२ ते १ टक्का साखरेत सिमेंट जवळजवळ जमतच नाही. जिल्हाभर साखर कारखाने असल्यामुळे साखरेची रिकामी पोती, मळीचे पिंप किंवा त्यासाठी वापरलेला टँकर बांधकामावर येण्याची शक्यता आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे. असे पोते वाळू वाहायला आणि असे पिंप पाणी साठवायला वापरू नये. रस्त्यात अडकलेल्या ट्रान्झिट मिक्सरमधील माल ड्रममध्ये दगड होऊ नये म्हणून चालक साखर टाकतात, ते ड्रम वाचवण्यासाठी. तो माल स्लॅबवर ओतण्यासाठी राहिलेला नसतो.

सेटिंग लवकर आणणाऱ्या केमिकलची आपल्या हवेत सहसा गरज पडत नाही. जुन्या पद्धतीचे कॅल्शियम क्लोराइड तर सळई गंजवते, म्हणून आरसीसीत ते अजिबात वापरू नये. हवा धरणारी केमिकले गोठणाऱ्या प्रदेशांसाठी आहेत. दर १ टक्का जास्त हवेमागे ताकद सुमारे ५ टक्क्यांनी घटते आणि सोलापुरात त्या बदल्यात हाती फारसे काही लागत नाही.

तिसरी पायरी: सिमेंटशी जमते का ते पाहणे

एकच केमिकल एका सिमेंटमध्ये लोण्यासारखा माल देते आणि दुसऱ्यात तासाभरात दगड करते. सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट, जिप्समचे प्रमाण आणि स्वरूप, दळण्याची बारीकी आणि त्यातील फ्लाय ॲश या सर्वांवर ते अवलंबून असते. बाजारात मिळणारे पीपीसी हे १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲशचे सिमेंट आहे. आरएमसी प्लांटवर ओपीसीत (राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटमध्ये) वेगळी फ्लाय ॲश मिसळली जात असेल, तर तिच्यातील न जळलेला कोळसाही केमिकल शोषतो, म्हणून राखेचा लॉट बदलला की स्लंप पुन्हा पाहावा.

यासाठी मार्श कोन (ठरावीक मापाचे नरसाळे) चाचणी करतात. ठरलेल्या गुणोत्तराची सिमेंटची लापशी करून त्यात ०.४, ०.६, ०.८, १.० टक्के असा वाढता डोस घालतात आणि एक लिटर लापशी कोनातून वाहून जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ज्या डोसनंतर वेळ कमी होणे जवळजवळ थांबते, तो संपृक्त डोस. त्यापुढे घातलेले केमिकल वाया जाते किंवा पाणी सुटायला लावते. हीच मोजणी एका तासाने पुन्हा केल्यास स्लंप किती टिकेल याचाही अंदाज येतो. आयएस ४५६ ने रिटार्डर ०.५, प्लास्टिसायझर १ आणि सुपरप्लास्टिसायझर २ टक्के अशा वरच्या मर्यादा घातल्या आहेत. चाचणीने सिद्ध करून परस्पर संमती झाल्याशिवाय त्या ओलांडता येत नाहीत.

चौथी पायरी: उन्हात घेतलेला ट्रायल

प्रयोगशाळेत २७ अंशांना घेतलेला ट्रायल मे महिन्यातील सोलापूरला लागू पडत नाही. पारा ४२-४३ वर असताना सिमेंटची क्रिया वेगाने होते, पाणी उडते आणि कोरडी तापलेली खडी पाणी पिते. त्यामुळे ज्या वेळी काम चालणार त्याच वेळी, त्याच ढिगातल्या मालाने, मिक्सरवर किमान एका गोणीचा घाणा काढावा आणि स्लंप लगेच, ३०, ६० आणि ९० मिनिटांनी मोजावा. स्लॅबवर माल पडताना १०० मिलिमीटर हवा असेल आणि तासाभरात ५० ने घसरत असेल, तर सुरुवातीला १५० ठेवावा लागेल. ते १५० पाण्याने नव्हे, तर डोसने किंवा रिटार्डर मिश्रित प्रकाराने मिळवावे.

स्लंपचा साचा ३०० मिलिमीटर उंच, तळाला २०० आणि वर १०० व्यासाचा असतो. आतून ओला करून तीन थरांत भरावा आणि प्रत्येक थराला १६ मिलिमीटरच्या सळईने २५ ठोके द्यावेत. आकड्याइतकेच ढिगाच्या रूपाकडे लक्ष द्यावे. कडेने दुधाळ पाण्याची कड सुटली आणि मधोमध खडीचा उंचवटा उरला, तर आकडा कितीही छान असला तरी माल फुटला आहे असे समजावे.

काँक्रीट ओतताना त्याचे तापमान ४० अंशांवर जाऊ नये, अशी उष्ण हवेतील कामांसाठीच्या आयएस ७८६१ ची मर्यादा आहे. ते एक अंशाने उतरवायचे असेल तर खडी-वाळू साधारण दोन अंशांनी, पाणी चार अंशांनी किंवा सिमेंट आठ अंशांनी थंड करावे लागते. म्हणजे सिमेंटची गोदामे थंड करण्यापेक्षा खडीच्या ढिगावर सावली करून आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडणे जास्त फळते. पाण्याची टाकी पत्र्याची आणि उन्हात असेल, तर तिला ओले गोणपाट गुंडाळावे. बर्फ वापरला तर त्याचे वजन पाण्यातून वजा करावे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काम पहाटे चारला सुरू करून नऊला आटोपणे; सेंट्रिंगवाले आणि गवंडी कुरकुर करतात, पण ऐकतात.

पाचवी पायरी: मोजून घालणे

डोस सिमेंटच्या वजनावर असतो, हे विसरले जाते. ०.८ टक्के म्हणजे ५० किलोच्या गोणीला ४०० ग्रॅम. केमिकलची सापेक्ष घनता १.१५ असेल तर ते सुमारे ३५० मिलिलिटर भरते. ४०० मिलिलिटर घातले, तर डोस आपोआप ०.९२ टक्के होतो. एसएनएफमध्ये ते खपून जाते, पीसीईत माल वाहू लागतो. खुणा केलेले मोजपात्र मिक्सरपाशी ठेवावे आणि ते एकाच माणसाच्या हाती द्यावे. कॅन वापरण्यापूर्वी हलवावा, कारण तळाशी साका बसतो. तो सावलीत ठेवावा आणि मुदत पाहावी.

वाळूतील ओल हा दुसरा सापळा आहे. घनमीटरला ८०० किलो क्रश सँड लागत असेल आणि ती ४ टक्के ओली असेल, तर ३२ लिटर पाणी न विचारता मालात येते. केमिकलने वाचवलेले ३९ लिटर जवळजवळ त्यातच जातात. उलट मे महिन्यात सुकलेली १२०० किलो खडी १ टक्का पाणी शोषते असे धरले, तर १२ लिटर पाणी ती पिऊन टाकते आणि स्लंप अचानक पडतो. दुपारी आणि सकाळी वाळूची ओल वेगळी असते. तव्यावर अर्धा किलो वाळू भाजून वजनातील घट पाहिली, की पाच मिनिटांत अंदाज येतो.

सहावी पायरी: मिसळण्याचा क्रम

कोरड्या सिमेंटवर केमिकल कधीही ओतू नये. ते एकाच जागी शोषले जाऊन गोळे होतात. आधी एकूण पाण्याच्या तीन चतुर्थांश पाण्यात खडी, वाळू आणि सिमेंट मिसळून घ्यावे आणि उरलेल्या पाण्यात केमिकल ढवळून शेवटी सोडावे. एसएनएफच्या बाबतीत या उशिरामुळे स्पष्ट फायदा होतो, कारण सिमेंटमधील ॲल्युमिनेटची पहिली झटापट पाणी आणि जिप्सम यांच्याशी होऊन जाते आणि केमिकल त्यात खर्च होत नाही.

यानंतर मिक्सर पूर्ण दोन ते तीन मिनिटे फिरला पाहिजे. केमिकलला, विशेषतः पीसीईला, उठायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला माल कोरडा दिसतो, ऑपरेटरचा हात सवयीने पाण्याच्या नळाकडे जातो आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच मालाचे सार होते. हातमिक्सरवरच्या बिघाडांपैकी मी पाहिलेले बहुतेक या दोन मिनिटांतले आहेत. एसएनएफ आणि पीसीई एकाच घाण्यात किंवा एकाच कॅनमध्ये मिसळू नयेत. दोघांचे पटत नाही आणि माल क्षणात घट्ट होतो. एका प्रकाराने काम केलेला ड्रम दुसऱ्यासाठी वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावा.

सातवी पायरी: साइटवर आलेला माल घट्ट असेल तर

आरएमसीचा माल भरल्यापासून दोन तासांत उतरवावा, असे आयएस ४९२६ सांगते. रिटार्डर असेल तर संमतीने जास्त वेळ चालतो. चलनावरची भरण्याची वेळ पाहण्याची सवय घरमालकानेही लावून घ्यावी. वेळ उलटली नसून केवळ स्लंप उतरला असेल, तर पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने सोबत आणलेल्या त्याच केमिकलचा लहान जादा डोस द्यावा, ड्रम वेगाने किमान पाच मिनिटे फिरवावा आणि स्लंप पुन्हा मोजावा. एकूण डोस ट्रायलमधील मर्यादेत राहिला पाहिजे. सेटिंग सुरू झालेला माल केमिकलने सैल होत नाही. तो परत पाठवावा. पाण्याचा पाइप ड्रमच्या तोंडात जाताना दिसला, तर काम थांबवायला सांगण्यात संकोच करू नये. जुळे सोलापुरातील एका स्लॅबला अशी गाडी परत पाठवली, तेव्हा ठेकेदाराने दोन दिवस बोलणे टाकले होते.

व्हायब्रेटरचाही बेताने वापर करावा. सैल मालाला घट्ट मालाइतका वेळ सुई दिली, तर खडी खाली बसते, वर सिमेंटचे पाणी येते आणि स्लॅबचा वरचा थर भुकटीसारखा कच्चा राहतो.

आठवी पायरी: पाणी मारणे आणि भेगा

रिटार्डरचा मालही वरून सुकतोच. आतून तो अजून ओला असताना पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे एक किलोच्या आसपास पाणी उडू लागले, की ओल्या काँक्रीटलाच भेगा पडतात. सोलापूरच्या दुपारच्या वाऱ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सेटिंग लांबलेल्या मालात हा धोक्याचा काळ आणखी लांबतो. म्हणून फिनिशिंग होताच प्लास्टिकचा कागद अंथरावा, संध्याकाळची वाट पाहू नये. काँक्रीट बोटाने दबेनासे झाले, की वाफे करून पाणी साठवावे. उष्ण कोरड्या हवेत आयएस ४५६ किमान १० दिवस सांगते आणि पीपीसीला ते १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते. कमी पाण्याच्या मालाला आतून उधार द्यायला पाणी नसते, त्यामुळे केमिकल वापरलेल्या स्लॅबला पाणी मारणे जास्त गरजेचे आहे. कमी मारले तरी चालते असे जे सांगितले जाते ते उलटे आहे.

क्यूब वाचताना

१५० मिलिमीटरचे तीन क्यूब मिळून एक नमुना होतो. ५ घनमीटरपर्यंत एक, १५ पर्यंत दोन आणि ३० पर्यंत तीन नमुने घ्यावेत. सात दिवसांसाठीचे क्यूब वेगळे आणि जास्तीचे भरावेत. क्यूब माल उतरताना भरावेत, प्लांटवरून आलेल्या क्यूबवर भरवसा ठेवू नये. पहिला दिवस ते सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. गच्चीवर उन्हात पडलेले क्यूब काँक्रीटबद्दल काहीच सांगत नाहीत. रिटार्डरच्या मालाचे क्यूब चोवीस तासांत सोडवताना कोपरे तुटत असतील, तर आणखी थांबावे. अशा मालाची एक-दोन दिवसांची ताकद कमी दिसते, पण अठ्ठावीस दिवसांना ती बरोबरीने आणि कधी किंचित जास्तही येते. म्हणून सात दिवसांच्या आकड्यावर घाबरून जाऊ नये. सेंट्रिंग काढण्याची तारीख मात्र या मंदपणाचा विचार करूनच ठरवावी.

स्लॅब दुसऱ्या दिवशीही मऊ असेल, तर बहुतेक वेळा डोस जास्त झालेला असतो. तो तोडायची घाई करू नये. प्लास्टिकखाली ओला झाकून ठेवावा, वर कोणाला चालू देऊ नये, टेकू जागचे हलवू नयेत आणि तीन-चार दिवस रोज खिळ्याने ओरखडा काढून पाहावे. साध्या रिटार्डरचा जादा डोस असेल, तर काँक्रीट उशिरा का होईना जमते. अठ्ठावीस दिवसांनी रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर आपटून कठीणपणा मोजणाऱ्या हातोडीने) कमजोर जागा शोधाव्यात आणि तेथून कोअर, म्हणजे यंत्राने कापलेले गोल नमुने, काढावेत. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर आयएस ४५६ नुसार तो भाग स्वीकारता येतो. खिळा पाचव्या दिवशीही सहज रुतत असेल, तर तोडण्याचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याने आणि सर्व टेकू जागेवर असतानाच घ्यावा.